बिनबियांच्या टरबुजाची तेहेतीस गुणसूत्रे

टेबलावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले टरबुजाचे वेल पडले होते. टेबलाच्या दोन टोकांना दोन माणसे बसली होती आणि ती एकमेकांकडे पाहायचे कटाक्षाने टाळत होती. मध्ये तालुक्याचे कृषी अधिकारी उभे होते.

"सर, रोपं खरी आहेत की डुप्लिकेट, एवढं एका ओळीत लिहून द्या," ते म्हणाले. "पुढचं मी बघतो."

मी नंदुरबारच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. पेशीविज्ञान हा माझा विषय. निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेत येऊन बसण्याची मुभा महाविद्यालयाने मला दिली आहे. सकाळची संध्या आणि पूजा आटोपली की मी तेथे येतो. एरवी तेथे मला कोणी शोधीत येत नाही. त्या दिवशी एकदम तिघे आले.

टेबलाच्या डाव्या टोकाला बसले होते ते हिरामण आप्पा. सारंगखेड्याच्या जवळ तापीच्या काठी त्यांची बागायत आहे. तिथली हिवाळ्यातली घोड्यांची जत्रा उठल्यावर त्यांनी प्रथमच बिनबियांच्या टरबुजाची लागवड केली होती. उजव्या टोकाला होती रंजना. काठी गावाकडच्या डोंगरातली ही मुलगी कृषी पदवी घेऊन आली आणि तिने शहाद्याच्या रस्त्यावर रोपवाटिका सुरू केली. आप्पांनी रोपे तिच्याकडूनच घेतली होती. वेल पसरले, फुले आली. परंतु फळ एकही धरले नाही. फुलामागची हिरवी गाठ शेंगदाण्याएवढी होई, पिवळी पडे आणि गळून जाई.

"सर, हाई पोरनी माले वांझ रोपं दिन्ही," आप्पा म्हणाले. "वेल दखा, कसा माजेल शेतस! पन फळ एक बी नही."

"रोपं खरी आहेत सर. मीच पेरली, मीच वाढवली," रंजना म्हणाली.

"खरी शेतस त मंग टरबूज काय मन्हा डोकावर लागतीन?"

अधिकाऱ्यांनी हात वर करून दोघांना थांबवले. तक्रार खरी ठरली तर रंजनाचे लायसन्स रद्द होणार होते. तिने हंगामासाठी वाढवलेली रोपे ट्रेमध्येच वाळली असती आणि रोपवाटिकेला कुलूप लागले असते. सरकारी प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत वेलांचा बहर संपून जातो. म्हणून ते माझ्याकडे आले होते.

मी प्रथम एकच प्रश्न विचारला. बिनबियांच्या टरबुजाला स्वतःचा पराग उपयोगाचा नसतो. त्याच्याबरोबर साध्या, बियांच्या टरबुजाचे काही वेल लावावे लागतात. त्यांचा पराग मधमाश्यांनी आणला तरच फळ धरते. ती रोपे वावरात आहेत ना?

"मीही फोनवर हेच विचारलं होतं," रंजना म्हणाली.

"जे जे चांगलं व्हतं, ते सगळं वावरमा शे," आप्पांनी उत्तर दिले.

आम्ही सर्वांनी त्याचा अर्थ 'हो' असाच घेतला, आणि मी कामाला लागलो.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते, आणि वनस्पतींच्या बहुतेक जिवंत पेशींच्या आत एक गोल कक्ष असतो. त्याला केंद्रक म्हणतात. मला तो नेहमी देवळाच्या गाभाऱ्यासारखा वाटत आला आहे. त्याच्याभोवती दुहेरी पडद्याची भिंत असते. त्या भिंतीला अतिशय सूक्ष्म दारे असतात आणि दारांतून कोणी आत यावे, कोणी बाहेर जावे, याचे नियम असतात. आत बारीक धाग्यांच्या रूपात त्या सजीवाची सर्व घडण साठवलेली असते: पान कसे असावे, फळ किती गोड असावे, बी धरावे की नाही. हे धागे गाभारा सोडत नाहीत. मूळ मूर्ती जागेवर राहते आणि पालखीत उत्सवमूर्ती मिरवते. तसेच येथे घडते. मूळ धाग्यावरून एक तात्पुरती प्रत तयार होते आणि ती दारातून बाहेर जाऊन पेशीकडून काम करून घेते. गाभाऱ्यात एक गडद ठिपकाही दिसतो. ती केंद्रकी. पेशीला लागणारी प्रथिने जेथे जुळवली जातात, त्या यंत्रांचे भाग तेथे घडतात.

एरवी हे धागे मोकळे पसरलेले असतात आणि त्यांची मोजणी करता येत नाही. पेशी दुभंगून दोन व्हायच्या बेतात आली की ते गुंडाळले जाऊन आखूड, जाड कांड्या बनतात. त्या कांड्या म्हणजे गुणसूत्रे. साध्या टरबुजाच्या पेशीत ती बावीस असतात, म्हणजे अकराचे दोन संच. बिनबियांच्या टरबुजात अकराचे तीन संच, तेहेतीस. खरे-खोटे ठरवायला दुसरा पुरावा नको. मुळांच्या टोकांशी पेशी सतत दुभंगत असतात. तेथील पेशी रंगवून, काचेवर दाबून पसरवायच्या आणि मोजायच्या.

पहिल्या दिवशी मला काहीही मोजता आले नाही. वेल दुपारच्या उन्हात उपटून आणले होते आणि मुळे मलूल झाली होती. मी स्लाईडमागून स्लाईड केली. लाल रंगात न्हालेली गोल केंद्रके दिसली, केंद्रकीचे ठिपकेही दिसले. परंतु एकही पेशी दुभंगताना सापडली नाही.

अधिकारी माझ्या खांद्यावरून डोकावले. "केंद्रक दिसतंय ना सर? मग लिहा की."

"केंद्रक दिसते. आतली गुणसूत्रे दिसत नाहीत. गाभाऱ्याचे दार लावलेले असताना आत किती मूर्ती आहेत, हे मी लिहून देणार नाही."

"वरून फोन येतात हो मला."

"त्यांना सांगा, म्हातारा हट्टी आहे."

मी नमुना नव्याने मागितला आणि माझ्या अटी सांगितल्या. मुळे सकाळी घ्यायची, कारण त्या वेळी पेशी अधिक दुभंगतात. अधिकाऱ्यांनी ती स्वतः कापायची. कापल्याबरोबर मी दिलेल्या बाटलीत टाकायची. तिच्यातल्या द्रवाने दुभंगणाऱ्या पेशी आहेत त्या अवस्थेत थांबतात. काढताना दोघांनीही हजर असायचे. शिवाय रंजनाने साध्या टरबुजाची मुळेही द्यायची, म्हणजे तुलना करता येईल आणि माझाच हात चुकत असेल तर तेही उघड होईल.

नमुना आला, परंतु रंजनाला आप्पांनी वावरात पाय ठेवू दिला नव्हता. ती रस्त्याच्या कडेला बांधावर उभी राहिली आणि मुळे बांधालगतच्या वेलांची कापली गेली. बाटल्यांवर मात्र दोघांच्याही सह्या होत्या.

मुळे प्रथम आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात मुरवावी लागतात. नंतर ती कोमट आम्लात मऊ करून लाल रंगात ठेवायची, काचेवर घेऊन वरून पातळ काच ठेवायची आणि अंगठ्याने दाबायचे. हा दाब हेच सगळे कौशल्य. कमी पडला तर गुणसूत्रांचा ढीग होतो, जास्त झाला तर पेशी फुटून शेजारच्या पेशीत मिसळते. टरबुजाची गुणसूत्रे फारच लहान असतात. माझ्या पहिल्या स्लाईडमध्ये ढीग झाला. दुसरीतल्या एका पेशीत मोजणी बत्तीसवर थांबली. दोन कांड्या एकमेकींवर पडल्या असाव्यात असे वाटले. परंतु वाटणे पुरेसे नव्हते, म्हणून ती पेशी मी सोडून दिली. डोळ्यांतून पाणी येऊ लागले की मी उठून हात-पाय धुऊन येई आणि पुन्हा बसे. या कामात घाईचा उपयोग नसतो. जे आत आहे ते आपल्या वेळेने दिसते.

अखेर एक पेशी स्वच्छ पसरलेली मिळाली. तिच्यातील प्रत्येक कांडी मी कागदावर काढली आणि मग मोजली. तेहेतीस. एका पेशीवर विसंबायचे नाही म्हणून दुसऱ्या वेलाची, मग तिसऱ्याची पाहिली. तेहेतीसच. रंजनाने दिलेल्या साध्या टरबुजात बावीस आली. हात चुकत नव्हता.

मी सर्वांना बोलावून घेतले आणि आप्पांना मायक्रोस्कोपपाशी बसवले. त्यांची टोपी आड येत होती. ती काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि एक डोळा घट्ट मिटून पाहू लागले.

"लाल मुंग्या शेतस," ते म्हणाले.

"त्या मोजा."

त्यांचे ओठ हलू लागले. "सोळा... सतरा... हाई मोजेल व्हती का? सर, ह्या हालतस का?"

"त्या हलत नाहीत आप्पा, तुमचं डोकं हलतंय," अधिकारी म्हणाले.

रंजना हसली. आप्पांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि ती पुन्हा गंभीर झाली.

मी त्यांना समजावून सांगितले. फुलात पराग तयार होताना गुणसूत्रांना जोडी जमवून दोन बाजूंना वेगळे व्हावे लागते. दोन संच असतील तर जोड्या जमतात. तीन असतील तर तिसऱ्याला जागा सापडत नाही, वाटणी विस्कटते आणि बी घडत नाही. आप्पा रोपांना वांझ म्हणत होते, त्यात चूक नव्हती. बी नको म्हणून ती तशीच घडवलेली असतात. मात्र फळ त्यांना धरायलाच हवे होते.

अधिकाऱ्यांनी निःश्वास सोडला. "म्हणजे रोपं खरी. झालं, तक्रार निकालात."

"तेहेतीस ऱ्हावोत का तीनशे," आप्पा म्हणाले. "मन्हा वावरमा काय धरनं ते सांगा."

मला वाटले होते की रंजना आनंदी होईल. ती तशीच बसून होती.

"काय गं? सुटलीस ना?" मी विचारले.

"कागदावर सुटले सर. पण कागद कोण वाचतं? बाजारात लोक वावर बघतात. आप्पांच्या वावरात फळ नाही धरलं तर पुढच्या वर्षी माझ्याकडून एक ट्रे कुणी नेणार नाही."

ते खरे होते. ज्या प्रश्नासाठी मला बोलावले होते त्याचे उत्तर मी दिले होते. परंतु ज्याच्यावर त्या दोघांचा हंगाम अडला होता त्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणापाशीच नव्हते. मी आप्पांना म्हटले, "उद्या सकाळी वावर दाखवा. पण माझ्याबरोबर रंजना आत येईल. ती बांधावर उभी राहणार असेल तर मीही येणार नाही."

आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली. "या," एवढेच म्हणाले.

वावर पाहून मन प्रसन्न झाले. मातीवर अंथरलेला चंदेरी मल्चिंग पेपर, त्याच्या भोकांतून वर आलेले वेल, गवताची काडी नाही. सर्व पाने एकसारखी, रुंद. फुलांवर मधमाश्याही होत्या. मी वाकून फुले पाहत होतो. रंजना माझ्या पुढे गेली होती. तिने एका सरीत बसून वेल हातांनी बाजूला सारले, नंतर पुढचे सारले, आणखी पुढचे सारले. मग ती उठली.

"सर, इकडे या."

पसरलेल्या वेलांखाली मल्चिंग पेपरची भोके होती. तीन भोकांत वेल, चौथे रिकामे. पुन्हा तीन वेल आणि चौथे रिकामे. सरी संपेपर्यंत तसेच.

"आप्पा, ही भोकं रिकामी कशी?" मी विचारले.

"त्यासमा भेसळ व्हती," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात संकोच नव्हता, अभिमान होता. "पानं दखा त कातरेल, बारीक. बाकीना पान कसा मोठा! लावनी करी अन् आठ दिनमा वळखी लिन्ही मी. एक एक उपटी फेकी दिन्ही. सर, मी इतला वरीस कपाशीना बियाणाना प्लॉट करेल शे. कंपनीना माणूस म्हने, हिरामण आप्पाना वावरमा भेसळ दखाडा अन् बक्षीस ली जा."

बियाण्याच्या प्लॉटमध्ये वेगळ्या जातीचे एक झाड राहिले तरी सगळे बियाणे बिघडते. म्हणून तेथे जे झाड वेगळे दिसेल ते उपटायचे, हाच धर्म. आप्पांनी तो निष्ठेने पाळला होता.

"आप्पा!" रंजनाचा आवाज चढला. "तीच परागाची रोपं होती. मी तुम्हाला तोंडाने सांगितलं होतं ना, तीन रोपांमागे एक कातरलेल्या पानाचं आहे, त्याला हात लावू नका म्हणून?"

"सांगेल व्हतं."

"मग?"

"भेसळ देनारा सगळाच असंच सांगतस, पोरी. ऱ्हाऊ द्या आप्पा, काही व्हत नही, म्हनतस. कोनी कधी म्हने का, मी भेसळ दिन्ही शे, उपटी टाका?"

ज्या माणसाला आयुष्यभर फसवणुकीपासून जपून राहावे लागले, त्याने एक खरा शब्द फसवणुकीत मोजला होता.

मी त्यांना तेथेच बांधावर बसवून सांगितले. या वेलांना जोडी जमवता येत नाही, ते तुम्ही काल पाहिले. त्यांचा स्वतःचा पराग निकामी असतो. बी त्यांना नको, तरी परागाचा स्पर्श झाल्याशिवाय फळ फुगत नाही. तो पराग त्या कातरलेल्या पानांच्या वेलांवर येणार होता. माश्या फुलांवर फिरत आहेत, परंतु त्यांच्या पायांना लागते ते सगळे निकामीच आहे.

"मंग आते?" आप्पांनी विचारले. हा प्रश्न त्यांनी मला केला, परंतु पाहिले रंजनाकडे.

रंजनाला आता काही करण्याचे बंधन नव्हते. रिपोर्ट तिच्या बाजूने होता आणि चूक कोणाची हेही उघड झाले होते. ती म्हणाली, "परागाच्या रोपांची एक ओळ मी रोपवाटिकेत पाण्याच्या पंपाशेजारी लावून ठेवलीय. ती फुललीय. फुलं उजाडता उजाडता आणते. हातानेच लावावी लागतील. बाया मिळतील?"

"मन्ही प्लॉटवरन्या बाया शेतस. कपाशीले रोज हाईच करतस त्या."

"आणि तुम्हीही लावायची आप्पा. स्वतःच्या हाताने."

"मी बी?"

"तुम्ही बी."

"ये मंग. उजाडता ये," आप्पा म्हणाले.

टरबुजाचे फूल पहाटे उमलते आणि ऊन वाढले की त्याचा पराग निस्तेज होतो. पहिल्या सकाळी टेम्पो वाटेत बंद पडला आणि फुले पोहोचेपर्यंत ऊन चढले. त्या दिवशी लावलेली जवळजवळ सगळी फुले गळाली. आप्पांनी गळालेल्या गाठी ओंजळीत गोळा करून माझ्यापुढे धरल्या. मी म्हटले, "दोष परागाचा नाही, वेळेचा आहे. उद्या पुन्हा." दुसऱ्या दिवसापासून रंजनाने फुले ओल्या फडक्यात घालून मोटरसायकलवर स्वतःच आणायला सुरुवात केली. ज्या फुलामागे हिरवी गाठ असते ते मादी फूल. नर फुलाच्या पाकळ्या मागे वळवून त्याचा मधला भाग मादी फुलाच्या मुखावर हलकेच फिरवायचा. बायांचे हात झपाझप चालत. आप्पांचे चालत नसत.

"आप्पा, शेंदूर फासू नका, नुसता टिळा लावा," एक बाई म्हणाली आणि सगळ्या सरीत हशा पिकला.

"तुन्ही सरीवर ध्यान दे," आप्पा म्हणाले, परंतु हात हलका केला.

मी रोज जाऊन गाठी पाहत असे. एके सकाळी एका गाठीचा देठ खाली वळलेला दिसला आणि गाठ लिंबाएवढी झाली होती. पिवळेपणा कोठे नव्हता. मी आप्पांना हाक मारली. ते आले, गुडघ्यांवर बसले, त्या गाठीला हात न लावता पाहत राहिले आणि मग मोठ्याने म्हणाले, "पोरी, धरनं!"

पहिला बहर गेला तो गेलाच. दुसऱ्या बहराची फळे मात्र भरली. तोडणीच्या दिवशी आप्पांनी पहिले टरबूज वावरातच कापले आणि लगेच सुरी थांबवली.

"सर, बी शे ना!"

ती पांढरी, पापुद्र्यासारखी कोवळी टरफले होती. मी एक चावून दाखवले. आत काही नव्हते. आप्पांनी खात्रीसाठी आणखी दोन चावली आणि मग पहिली फाक रंजनाला दिली.

तक्रार त्यांनी स्वतः कार्यालयात जाऊन मागे घेतली. अधिकाऱ्यांनी मला विचारले की रिपोर्टमध्ये गुणसूत्रांखेरीज आणखी काही लिहायचे आहे का. मी एक ओळ वाढवली: परागाची रोपे वावरात नव्हती. रंजनाची रोपवाटिका चालू आहे. कातरलेल्या पानांची रोपे ती आता गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. आपली माणसे पाठवून ती स्वतः लावून घेते आणि मगच बाकीचे ट्रे उतरवते.

मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो की झाडाची सर्व घडण केंद्रकात असते. ते खरेच आहे. परंतु शेजारचे झाड कोणी उपटून टाकले, हे केंद्रकाला ठाऊक नसते. ते पाहायला वावरात जावे लागते.